बरडीवरची शिटी

माझ्या थोरल्या भावानं माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून एक शिटी विकत घेतली होती. स्टीलची, काळ्या दोरीची, शाळेत कवायतीच्या मास्तरांकडं असायची तशी. एका रविवारी सकाळी तो ती गळ्यात घालूनच गाडीत बसला. मला नीट दिसावी म्हणून स्वेटरच्या बाहेर काढून ठेवली होती. मी शेजारी बसलो आणि काही विचारलं नाही. विचारून उत्तर मिळणार नव्हतं.

आमच्या अबोल्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळं अशा गोष्टी माझ्याकडून आपोआप मोजल्या जातात. बुऱ्हाणपुरात आमचं एकच घर आहे, खाली तो आणि वहिनी, वर मी आणि बायको. जिना एक, नळ एक, पेपरही एकच यायचा. तो वाचून झाला की दादा घडी करून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचा. मी समोर उभा असलो तरी तिथंच ठेवायचा. चहाच्या वेळी मी खाली असलो तर वहिनीला म्हणायचा, "पाहुण्याले विचार, साखर नको ना?" पाहुणा म्हणजे मी. मला मधुमेह आहे हे त्याच्या लक्षात असायचं, बोलायचं मात्र नाही.

चूक कोणाची होती ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोड्यात बोलायला नको. आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दादाच्या छातीत दुखायला लागलं. घरी त्यानं सांगितलं की केळीच्या बागेसाठी मोटर बघायला इंदूरला जातो, आणि मला सोबत घेतलं. डॉक्टरांनी तपासलं आणि दोन नळ्या बंद होत आल्यात, याच आठवड्यात भरती व्हा, असं स्वच्छ सांगितलं. दादा म्हणाला, कार्तिकात पोरीचा साखरपुडा आहे, तो होऊन जाऊ द्या. परत येताना असीरगढचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मला आईची शपथ घातली. घरात कोणालाही कळता कामा नये. मी हो म्हटलं.

ती शपथ मी एक रात्र आणि अर्धा दिवस पाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वयंपाकघरात तूर निवडत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला गेलो आणि सगळं सांगून मोकळा झालो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि थेट दादाच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. तीन दिवसांनी तो इंदूरच्या दवाखान्यात होता. जीव वाचला. साखरपुडा पुढं ढकलला गेला, मग मुलाकडची मंडळी गप्प झाली आणि ते लग्न मोडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर दादा मला एवढंच म्हणाला, "तुया तोंडात तीळ भिजत नाही." त्यानंतर काही नाही.

पुतणीला त्या लग्नाचं फारसं दुःख नव्हतं. मला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, "काका, सच बोलू का, बरंच झालं." पण हे तिनं बापाला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एकदा तोंड पोळलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला सांगेल.

ज्या खेळासाठी शिटी लागली तो तिनंच आणला. ती पुण्यात कंपनीत आहे, तिथल्या ऑफिसची पोरं सुट्टीच्या दिवशी टेकडीवर जाऊन हा खेळतात. डिस्क गोल्फ. प्लास्टिकची चपटी तबकडी झाडांमधून फेकायची, पडेल तिथं जायचं, तिथून पुन्हा फेकायची, शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. कमीत कमी फेकीत जो घालेल तो जिंकला. डॉक्टरांनी दादाला रोज चालायला सांगितलं होतं, वर्षभरानंतर चढणीलाही परवानगी दिली होती, पण दादा चालत नव्हता. बिनकामाचं फिरायला मी काय रिकामटेकडा आहे, हे त्याचं म्हणणं. पुढच्या दिवाळीला पोरगी सहा तबकड्या घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, फिरू नका. फक्त फेका, आणि फेकलेलं उचलून आणा."

डोईफोडिया गावाच्या पुढं जंगलाला लागून आमची एक बरडी आहे, म्हणजे आजोबांच्या वाट्याला आलेली दगडगोट्यांची टेकडी. तिच्यावर कधी काही पिकलं नाही. साग, धावडा, सालई, पळस, आणि जिथं झाड नाही तिथं काळा दगड. पोरीनं पंधरा दिवसांत तिथं नऊ टोपल्यांची जागा आखली. दादाला वाटलं, टोपल्या विकत कशाला घ्यायच्या, घरात केळीचे क्रेट पडलेत. झाडांना क्रेट बांधले. तबकडी क्रेटच्या काठावर आपटून अशी उडायची की जिथून फेकली त्याहून लांब जायची. मग जुन्या सायकलींची रिंगं आणि बैलांच्या साखळ्या वेल्डरकडं नेल्या. त्याचं काम चांगलं झालं. तबकडी साखळीत अडकली की गोठ्यात जनावरानं मान हलवल्याचा आवाज येतो.

सुट्टी संपली, पोरगी गेली, आणि खेळायला आम्ही दोघंच उरलो. वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जा सोबत. ह्यांना तिथं एकट्याले नाही सोडायचं मला." म्हणजे मी खेळाडू नव्हतो, पहारेकरी होतो. दादाला ते कळत होतं. तरी त्यानं मला नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायला बोलावं लागलं असतं.

दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. तो गाडी चालवायचा, रेडिओ लावायचा. बरडीवर आपापली तबकडी घ्यायची, फेकायची आणि झाडीत शिरायचं. प्रत्येक टोपलीनंतर तो बोटं दाखवायचा, पाच, सहा, कधी दोन्ही हात. आकड्यांत त्यानं कधी लबाडी केली नाही. मी कधी विसरून सहाऐवजी पाच बोटं दाखवली, की माझ्याकडं न बघता नुसता उभा राहायचा, मी सहावं बोट वर करेपर्यंत.

अडचण फक्त सातव्या टोपलीची होती. तिथं खालच्या घळीतून फेकायचं, तबकडी दोन सालईंच्या मधून टेकडीच्या धारेवरून पलीकडं जाते आणि टोपली पलीकडच्या उतारावर. फेकणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून एकानं आधी धारेवर जाऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याची तबकडी कुठं पडली ते ओरडून सांगायचं. मी सांगायचो. "दादा, डावीकडं, पळसाखाली." माझ्या वेळी तो सांगायचा नाही. मी वर चढून जायचो आणि अर्धा अर्धा तास पाचोळा उचकत बसायचो. त्यालाही ताटकळावं लागायचं. तीन-चार रविवार असे गेल्यावर त्यानं शिटी आणली. एक शिटी डावीकडं, दोन शिट्ट्या उजवीकडं, लांबलचक एक म्हणजे तबकडी हरवली. हे नियम मला कोणी सांगितले नाहीत, मी अनुभवानं शिकलो.

एकदा मोळी घेऊन जाणारी एक बाई पाचव्या टोपलीपाशी थांबली. साखळ्या हलवून बघितल्या आणि दादाला विचारलं, "बाबूजी, इसमें क्या फँसता है?"

दादा म्हणाला, "हम दोनों."

मला हसू आलं. त्यानं ते पाहिलं आणि पाठ फिरवली. पण मान खाली घालून तो बराच वेळ चपलेचा पट्टा बघत होता, आणि पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

मला त्याचा राग येत होता हे लपवत नाही. जो जिवंत आहे तो माझ्यामुळं जिवंत आहे, आणि तोच बोलत नाही. शपथ मोडल्याचा मला पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. पण त्याच्या आवाजाशिवाय मला करमत नव्हतं, हेही तितकंच खरं. संध्याकाळी खाली तो फोनवर कोणाशी केळीच्या घडांबद्दल बोलायला लागला, की मी वरच्या जिन्यात उगीच थांबायचो. साठी ओलांडलेल्या माणसानं असं चोरून ऐकत उभं राहावं याची लाज वाटायची, तरी थांबायचो.

फाल्गुनातल्या एका रविवारी उठायला उशीर झाला. मी मधुमेहाची गोळी घेतली, पोहे होत होते, तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. हॉर्नही त्याच्या बोलण्यातच जमा होता. मी तसाच निघालो. बायको मागून काहीतरी म्हणाली, मी हात केला.

बरडीवर पळस फुलला होता. माझी तबकडी नारिंगी होती. सहज सापडावी म्हणून पुतणीनं मुद्दाम तो रंग निवडला होता, आणि आता सगळी जमीन त्याच रंगाची झाली होती. तिसऱ्या आणि चौथ्या टोपलीला शोधण्यातच माझा बराच दम गेला. सहावीपाशी हात जरा थरथरायला लागले. मी उन्हाला दोष दिला.

सातवीला दादा आधी वर जाऊन धारेवर उभा राहिला. मी घळीतून फेकली. तबकडी सालईंच्या मधून बरोबर गेली, अशी फेक मला पुन्हा जमलेली नाही. वरून दोन शिट्ट्या आल्या. मी चढायला लागलो. मध्ये एक वळण आहे, तिथं वरच्याला खालचा दिसत नाही. त्या वळणावर मला दरदरून घाम फुटला, पुढचे दगड अंधुक झाले आणि मी एका धावड्याला धरून खाली बसलो. काय होतंय ते मला कळत होतं, साखर उतरली होती. खिशात खायला काही नव्हतं.

पुन्हा दोन शिट्ट्या आल्या. मग जरा थांबून आणखी दोन, जोरात. मला हाक मारायची होती, पण जीभ जड झाली होती. मग एक लांबलचक शिटी आली, ती अर्ध्यात तुटली.

"लहान्या!"

लहानपणी घरात मला हीच हाक होती. आई गेल्यापासून ती फक्त त्याच्याकडं उरली होती.

"अरे लहान्या, कुठं राहिला? काहून बोलत नाही?"

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला, तो खाली येत होता, नको तितक्या घाईनं. मला माझ्यापेक्षा त्याच्या दोन नळ्यांची भीती वाटली. "हळू ये," मी म्हटलं, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

तो आला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पिशवीतून केळं काढलं. केळीवाल्याच्या पिशवीत केळं असतंच. सोलून त्यानं माझ्या तोंडापाशी धरलं. "खा. चावून खा." एक संपलं, दुसरं दिलं. तो स्वतः धापा टाकत होता आणि एक हात माझ्या पाठीवर होता. दहा-पंधरा मिनिटांत दगड पुन्हा दगडांसारखे दिसायला लागले.

"सकाळी काय खाल्लं होतं?" त्यानं विचारलं.

"गोळी."

"आणि?"

मी म्हटलं, "दादा, घरी नको सांगू. ती उद्यापासून मला जिन्याखाली उतरू देणार नाही."

त्यानं फोन काढून बघितला. त्या वळणावर रेंज नसते. मला काखेत हात घालून उठवलं आणि वर चालवत नेलं, चार पावलं चालून थांबत, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी. धारेवर पोचल्यावर त्यानं मला एका दगडावर बसवलं आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला फोन लावला. गोळी, पोहे, घाम, धावडा, सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की हा माणूस आजकाल पायऱ्या चढतानाही थांबतो, मी खालून बघून राहिलो ना. फोन बंद करून खिशात ठेवला.

मी म्हटलं, "मी नको म्हटलं होतं."

"शपथ कुठं घातली होती?"

मी विचारलं, "आणि घातली असती तर?"

सालईच्या मागं माझी तबकडी पडली होती, तिथपर्यंत तो गेला, ती उचलून आणली, पुसून माझ्या मांडीवर ठेवली.

"तरी सांगितलं असतं," तो म्हणाला.