चौकड्याचा परकर

पोस्टर कलरच्या बाटलीचं झाकण उघडलं की त्या आंबूस वासाबरोबर मला मरोळची ती तापलेली पत्र्याची शेड आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलांच्या मासिकात मी एक चित्रकथा काढायची, आणि एका दंतमंजनवाल्या शेटने टीव्हीसाठी तिची पाच मिनिटांची कार्टून फिल्म करायला पैसे लावले होते. माझ्या नायिकेचा परकर चौकड्याचा. शेडमधले ॲनिमेटर काका म्हणाले, "अगं, मासिकात तू तो एकदा काढतेस. इथे ती एक सेकंद चालली तर बारा वेळा काढायचा. साधा हिरवा कर ना!" मी कसली ऐकतेय! मोठी कलावंत ना मी, वय वर्षं तेवीस. "चौकडाच राहणार," म्हटलं आणि पारदर्शक शीटवर आठवडाभर मान मोडून रेघा मारल्या. शेटला दाखवलं, तर दर चित्रात रेघा केसभर सरकलेल्या, त्यामुळे पडद्यावर परकर नुसता वळवळत होता. "हिला मुंग्या चावतायत काय?" शेट म्हणाला. "परवापर्यंत नीट करा, नाहीतर फिल्म बंद." काकांनी हिरव्या रंगाची बाटली पुढे सरकवली. मी ती परत सरकवली. चौकडा सोडला नाही, पोरीचं चालणंच बंद केलं. एकदाच नीट रंगवून तिला ओट्यावर बसवली; नवीन काढायचं ते फक्त तोंड. शेट खूश झाला, फिल्म टीव्हीवर लागली. पाच मिनिटं ती बया जागची न हलता सगळ्या गावाला हुकूम सोडते. गुडघे गेल्यापासून मीही घरात तेच करते.