शोभनाताईंचा अंदाज

शोभनाताईंना मत नाही असा विषय आमच्या विजय नगरच्या बिल्डिंगमध्ये नव्हता. लिफ्ट का बंद पडते इथपासून साम्राज्यं का बुडतात इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक. शाळेत इतिहास शिकवायच्या आणि घरी आल्यावरही थांबायच्या नाहीत. पहिलं महायुद्ध हा तर त्यांचा अगदी जिव्हाळ्याचा विषय. खोलवरची कारणं वेगळी आणि तात्कालिक कारण वेगळं, दारूगोळा कितीही साठला तरी ठिणगी लागते, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की परीक्षेला बसले असते तर मीही पास झाले असते. वैताग यायचा मला, खोटं कशाला बोलू.

कस्तुरी ही त्यांची एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर तिला डॉक्टर करायचंच, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. इथे नंबर लागला नाही, म्हणून ती युक्रेनमध्ये खारकीव्हला शिकत होती. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत सीमेवर रशियाच्या फौजा जमल्या आणि तिच्या बरोबरीची मुलं परतीची तिकिटं काढू लागली. तिचा फोन आला तेव्हा मी ताईंच्याच घरी मेथी निवडत बसले होते.

"मम्मी, युनिव्हर्सिटी क्लास ऑनलाइन करत नाहीये. निघाले तर अटेंडन्स जाईल. बता ना, येऊ का?"

ताईंनी वर्गात समजावतात तसं तिला समजावलं. नाटोचा वाद जुना आहे, फौजा उभ्या करणं हा दबावाचा खेळ आहे, तात्कालिक कारण घडल्याशिवाय कोणी युद्धात उडी घेत नाही. "अजून ठिणगी कुठे पडलीय? तू अभ्यास कर." कस्तुरी बरं म्हणाली. लहानपणापासून ती आईचं ऐकत आली होती, तसं हेही तिने ऐकलं.

युद्धाने ठिणगीची वाट पाहिली नाही. एका सकाळी ताई शाळेचा डबा भरत असताना कस्तुरीचा फोन आला, बॉम्ब पडतायत, आम्ही खाली मेट्रो स्टेशनात जातोय. ताईंनी फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि त्या शाळेत गेल्या. मला वाटलं, बाई दगडाची आहे की काय. वर्गात मुलांनी विचारलं, मॅम, ये वॉर हुआ क्यों? महायुद्धावर तास तास बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, परीक्षेत येणार नाही, बसा.

पुढचे दिवसही तसेच गेले. पोहे करायच्या, ते कढईतच राहायचे. मी टीव्ही लावला की उठून बाल्कनीत जायच्या आणि वाळलेले कपडे पुन्हा झटकून वाळत घालायच्या. रडल्या मात्र नाहीत. कस्तुरीचा मधूनच 'ठीक' एवढाच मेसेज यायचा, तोही फोनची बॅटरी वाचवून. शेवटी खच्चून भरलेल्या रेल्वेत उभ्याने प्रवास करून ती सीमेपलीकडे पोचली आणि सरकारने पाठवलेल्या विमानाने परतली. एअरपोर्टवर ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, केस धुवायला हवेत. बस्स, एवढंच.

मला वाटलं, ग्रहण सुटलं. पण इथल्या कॉलेजांत त्या मुलांना जागा मिळेना. वर्षं पाण्यात चालली होती. काही मुलं पुन्हा युक्रेनला निघाली, पश्चिमेकडच्या शहरांत, जिथे सायरन वाजतात आणि वर्गही भरतात. एका संध्याकाळी जेवताना कस्तुरीने तिकीट काढल्याचं आईला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

ती गेली त्या दिवशी मला राहवेना. मी ताईंना नको नको ते बोलले. लढाई चालू आहे तिथे पोरीला जाऊ कसं दिलंत, एका शब्दाने अडवलं का नाहीत, म्हणून फैलावर घेतलं. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारी बाई, सगळं ऐकून घेत बसली होती.

"तिने मला विचारलं नाही, मंजिरी," त्या म्हणाल्या. "आणि मला बरं वाटलं. पोटची पोर लढाईत चालली होती, आणि मला बरं वाटलं, की मला उत्तर द्यावं लागणार नाही."