एकतीस नंबरचा बांताय

माना ओदेतला, म्हणजे ओदेतताईला, वॉर्डात सगळे टरकून असत, आणि तिच्यावाचून कुणाचं पानही हलत नसे. फिलिपिन्समधल्या सामार बेटावरच्या त्या सरकारी दवाखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली. तिच्याबरोबर नर्सिंग शिकलेल्या मुली एकेक करून लंडनला, रियाधला निघून गेल्या. ओदेत आईच्या आजारपणापायी मागे राहिली आणि आई गेल्यावरही राहिलीच. पुरुषांच्या वॉर्डात खाटा अठ्ठेचाळीस आणि दिवसपाळीला नर्स एक. सलाइन, इंजेक्शनं, डॉक्टरांची राऊंड आणि कागदपत्रं, एवढ्यातच तिचा जीव मेटाकुटीला येई. अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं ही सारी कामं बांतायची. बांताय म्हणजे रोग्याजवळ बसून राहणारं घरचं माणूस. ज्याला बांताय नाही त्याचा वाली देव, आणि देवाची ड्यूटी कुठल्या पाळीला असते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी ताताय हिलारियोला आणलं. ताताय म्हणजे बाबा; जन्मभर माडावर चढून माडी उतरवणारा म्हातारा. अर्धांगवायूच्या झटक्याने डावी बाजू गेली होती आणि वाचाही. शेजाऱ्याने तीनचाकीत घालून आणला, "मुलीला हाँगकाँगला फोन केलाय," म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. खाट मिळाली एकतीस. बत्तीसवरही झटक्याचाच रोगी होता. दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर नानाय, म्हणजे आई, म्हणून हाक मारायच्या वयाची पोलॉन नावाची एक बाई पंख्याने वारा घालत बसलेली.

"नानाय, इकडे लक्ष द्या," ओदेत हातातली सुई न थांबवता म्हणाली. "दर दोन तासांनी म्हाताऱ्याला कुशीवर वळवायचं. आधी उजवी, मग डावी. गप्पा मारत बसाल तर पाठ सडेल."

"हो बाई, वळवते की. झोप नसली तरी चालेल मला."

आणि तिने शब्द पाळला. बत्तीसवरच्या आपल्या नवऱ्याला ती घड्याळ लावून वळवत होती. एकतीसवाला तिचा कुणीच नव्हता. पण कुणी नसलेल्याला दोन घास घालायची तिकडची रीतच आहे, म्हणून ती पेजेचे चार चमचे त्याच्याही तोंडात घाली, दोन वेळा वाराही घाली. ओदेतने ते येताजाता पाहिलं आणि ही एकतीसचीच बायको, अशी तिची खात्री पटली. बत्तीसची सून सकाळी डबा घेऊन येते, तीच बत्तीसची बांताय, असा तिचा समज.

खाटेच्या पायाशी वळवण्याचा तक्ता लटकत असे. दर दोन तासांचा एक चौकोन, त्यात नर्सची सही. ओदेत पाळी संपताना सगळ्या चौकोनांत एकदम सह्या करी. इतर पाळ्यांच्या मुलीही तसंच करत, तिच्याकडूनच शिकल्या होत्या. खोटं लिहितोय असं कुणाच्या मनातही येत नसे. घरचं माणूस करतंय म्हणजे झालंच की!

नवव्या दिवशी ओदेत एकतीसपाशी आली तर स्टूल रिकामं.

"ह्याची बायको कुठे उलथली?"

तेहतीसवरचा गडी हसला. "माना, बायको नवऱ्याला घेऊन गेली घरी. बत्तीसला सकाळी सुट्टी दिलीत ना तुम्हीच?"

"मग हा कोण तिचा?"

"हा? हा कुणाचाच नाही."

ओदेतने म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात घातला. चादर चिकटली होती. नाकाशी येणारा वास तीन दिवस तिने गटाराचा म्हणून सोडून दिला होता. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होतं. म्हातारा तिच्याकडे बघत होता. नऊ दिवस तो असाच बघत असणार. तिला तिथेच बसावंसं वाटलं, पण चौदा नंबरचं सलाइन संपलं होतं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, मारिव्हिक. विमानतळावरून थेट, बॅगेसकट. हाँगकाँगमध्ये ती एका लुळ्या म्हातारीची देखभाल करायची, त्यामुळे बापाच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर तिने आधी तक्ता हातात घेतला. नऊ दिवसांतला एकही चौकोन रिकामा नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"माना, दिवसाला बारा वेळा! मला सुद्धा माझ्या म्हातारीचं इतकं जमत नाही हो. तुमचे उपकार कसे फेडू?"

ओदेतला गप्प राहता आलं असतं. झटक्याच्या रोग्याला जखमा होतातच, असं म्हणून सुटताही आलं असतं. डॉक्टर तेच म्हणाले असते.

"नको गं उपकार," ती म्हणाली. "सह्या माझ्या आहेत. वळवलं कुणीच नाही. एकदाही नाही."

मारिव्हिकने तक्ता पुन्हा खाटेच्या पायाशी लटकवला.

"तिकडे मालकिणीने कॅमेरा लावलाय," ती म्हणाली. "एक वेळ चुकली की ओरडते. मी तिला रोज शिव्या देते मनात." मग तिने बाह्या सारल्या. "खांदा धरा त्यांचा. मी कंबर धरते."

ओदेतने वरिष्ठ बाईंना लेखी कळवलं. त्यांनी कागद वाचून खणात टाकला. "तुला काढू आणि ह्या अठ्ठेचाळिसांना कुणाच्या गळ्यात घालू?" एवढंच त्या बोलल्या. शिक्षा झाली असती तर ओदेतला बरं वाटलं असतं.

मारिव्हिक सहा दिवस स्टुलावरून हलली नाही. दर दोन तासांनी ती हाक मारी आणि ओदेत हातातलं काम टाकून येई, बाकीचे रोगी कितीही कुरकुरले तरी. पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. सातव्या दिवशी दुपारी एक वाजता ताताय हिलारियो गेला. डॉक्टरांनी कारण लिहिलं, झटका. शववाहिकेला अडीचपर्यंत यायला जमणार नव्हतं.

दोन वाजले. मारिव्हिकने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठली आणि बापाच्या कमरेखाली हात घातला.

"माना," तिने हाक मारली, "डावी कूस."

अख्खा वॉर्ड बघत होता. ओदेत आली, तिने खांदा धरला, आणि दोघींनी मिळून त्याला वळवलं.