हवालदारकाकांची बुखारी

हवालदारकाका रोज सकाळी अगरबत्ती लावत, पण देवापुढे नेत नसत. बुखारीच्या दाराशी धरून तिच्या धुराची रेघ न्याहाळत. रेघ आत ओढली गेली की म्हणत, "श्वास घेऊन राह्यली. पेटवा." आणि रेघ उलटी खोलीत वळली, तर आधी छपरावर चढून नळी साफ करायची आणि मगच चहा.

बुलढाण्यात त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून. काका फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सांगत असे, आताही सांगते. काका मला 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारत. गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची, तर लगेच अडवत. "हवालदार. जे झालो नाही ते म्हणू नका."

बुखारी म्हणजे एक प्रकारची शेगडीच, पण बंद पोटाची आणि धूर नळीने छपराबाहेर सोडणारी. काकांनी ती पहाडातल्या चौक्यांवर पाहिली होती. पौषात आमच्या पठारावरचं वारं काकूंच्या गुडघ्यांत शिरायचं, म्हणून चिखलीच्या एका वेल्डरकडून त्यांनी डिझेलच्या जुन्या पिंपाची बुखारी करून घेतली. गल्लीने तिचं नाव 'इंजिन' ठेवलं.

"हवालदार, मे महिन्यात काय करता याचं?"

"कांदे ठेवतो त्यात. तुम्हाले लागले तं या."

बसवताना मात्र थट्टा नाही. खाली विटा आणि वाळू, मागची भिंत चांगली लांब. नळी छपरातून जाते तिथे जवळचं लाकूड कापून रुंद पत्र्याची चकती, वर पावसासाठी टोपी. भिंतीत उंचावर एक वीट काढून ते भोक कायमचं उघडं ठेवलं. "आगीलेही हवा लागते, आपल्यालेही. दोघांत भांडण नको," असं म्हणत. ओलं लाकूड घरात येऊ देत नसत, कारण त्याची काजळी नळीत धरते आणि मग नळीच पेटते. नळीला एक झडप होती. जाळ फार झाला तर जराशी वळवायची, पूर्ण कधीच नाही. झोपण्याआधी आग विझलीच पाहिजे. हे सगळं ते हुकमासारखं सांगत. मी एकदा 'का' विचारलं तर म्हणाले, "विचाराचं नसते बीएस्सी, कराचं असते." मला ते पटलं नव्हतं, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही होतं.

मग त्यांची अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. काकूंना गुडघ्यांमुळे उठबस होत नव्हती, म्हणून काकांची थोरली बहीण अक्का बीबी गावाहून आली. खमकी बाई. तिने आल्या आल्या बाजेखाली ठेवायला शेगडी मागितली.

"बंद खोलीत शेगडी नाही," काका म्हणाले.

"काऊन बे महादू? तुह्या टायमाले का माय उघड्यावर बसली होती?"

शेवटी दोघींना दिवसभर काकूंच्या खोलीत हलवून काकांनी बुखारी बाळंतिणीच्या खोलीत बसवली. नवी नळी, नवं भोक, सगळं रीतसर. अक्काने नाक मुरडलं, पण ऊब चांगली येत होती म्हणून गप्प बसली. अडचण एकच होती. बारसं होईपर्यंत पुरुषाने त्या खोलीत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून हुकूम देत, अक्का आत 'हाव, हाव' करी. त्यांनी आत दिलेली अगरबत्ती ती सरळ देवाच्या कोनाड्यात लावी.

एका सकाळी मी खारकेची पूड द्यायला गेले. खोलीत ऊब छान होती, धुराचा वासही नव्हता. अश्विनी बाजेवर डोकं धरून पडली होती. "कपाळ फुटून राह्यलं," म्हणाली आणि पडल्या जागी ओकली. अक्काने तिच्या डोक्याला फडकं आवळलं होतं. "बाळंतीण हाय, दुखनच डोकं." बाळ गप्प होतं. दूध ओढत नाही, अक्का म्हणाली. मी वर पाहिलं. भिंतीतल्या भोकात जुनं लुगडं कोंबलेलं होतं आणि नळीची झडप पूर्ण आडवी होती.

"झडप कोणी लावली?"

"मी. नुसते निखारे तं राह्यले. धूर नाही काही नाही, मंग ऊब काऊन वाया घालवाची?"

निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मी बाळ उचललं आणि ओरडले, "काका, आत या!"

काका अंगणात लाकडं फोडत होते. ते बुटांसकट आत आले. लेकीला दोन्ही हातांवर उचलून थेट अंगणातल्या थंडीत नेलं. अक्का मागे धावली. "महादू, वारं लागन तिले! बाळंतीण हाय!"

"लागू दे. आता वाऱ्यानंच वाचते ती."

मीही बाळाला घेऊन अंगणात आले; ते बराच वेळ हातात नुसतं जड होतं. मग त्याने तोंड वाकडं केलं आणि रडलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी अश्विनीने चहा मागितला, बाळ दूध प्यायलं. अक्का व्हरांड्यात पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. काका आता तिच्यावर तुटून पडणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ते तिच्याशेजारी खाली फरशीवर बसले आणि बोलू लागले. एका चौकीवर त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती. रात्री बर्फाने नळीचं तोंड बुजलं. सकाळी काका चहा घेऊन गेले तर दोघं गाढ झोपल्यासारखे. काकांनी एकाला हलवलं, मग दुसऱ्याला. दोघांची नावं, गावं, एकाचं लग्न ठरलं होतं ते, सगळं सांगितलं. काकूंनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

अक्काने पदराचा बोळा तोंडावरून काढला.

"हे मले आधी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं ना, झडप लावू नको म्हणून."

"तो तं हुकूम देला तू. मी का तुह्या पलटणीतली हाव?"

पुढच्या आठवड्यात काकांनी झडपेचा निम्मा पत्रा कापून टाकला, म्हणजे कोणी आडवी केली तरी वाट राहील. "चूक अक्काची नाही," एवढंच म्हणाले.

काका पुढे हृदयविकाराने गेले. दुःख झालं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं वेगळं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात मी बीबीला एका बारशाला गेले होते. बाळंतिणीची खोली गच्च बंद, बाजेखाली शेगडी, बायका दाटीवाटीने बसलेल्या. अक्का काठी टेकत आत आली. आता तिला नीट दिसत नाही. तिने कोणाला काही कर म्हटलं नाही. खाली बसली आणि त्या दोन पोरांची नावं सांगितली, गावं सांगितली, एकाचं लग्न ठरलं होतं तेही, जणू तिने त्यांना आपल्या हाताने जेवू घातलं होतं. "सकाळी माहा भाऊ चहा घेऊन गेला," इथपर्यंत ती आली, तोवर एकीने उठून खिडकी उघडली होती आणि दुसरी शेगडी उचलून अंगणात निघाली होती.