चाळीस ब्रश आणि कल्याणची कुसुमताई

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात एका डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका जुळवायचे. फावल्या वेळात कॉम्प्युटरवर चाळीस ब्रश बनवले. माऊस दाबला की गुलाब उमटतो, पुन्हा दाबला की टेडी बेअर. फोटोंच्या वह्या सजवणाऱ्या बायकांचं एक मंडळ डोंबिवलीत आहे असं कळलं, आणि हे तिथे विकायचंच, असं मी ठरवलं. खपले तर नोकरी सोडणार होते. घरी हे फक्त वहिनीला माहीत होतं, कारण स्कूटर तिची होती आणि चालवणारीही तीच.

कळवा, मुंब्रा, शिळफाटा, मानपाडा असा रस्ता. कुणाला जायचं असेल तर शिळफाट्याला वडापाव खाऊन घ्या. पुढचे खड्डे रिकाम्या पोटी सोसत नाहीत.

मंडळ चालवणाऱ्या देवधरबाई निवृत्त चित्रकला शिक्षिका. मी त्यांच्या हातात फ्लॉपी ठेवली.

"चाळीस ब्रश यात?" त्यांनी ती कानाशी हलवून पाहिली. "केस गळत नाहीत ना?"

चौदा बायकांपैकी एकीकडेही कॉम्प्युटर नव्हता. हे आधी विचारावं, एवढी अक्कल मला नव्हती. शेवटी बाईंनी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला दम भरला. दाराबाहेर आमच्या चपलांचा ढीग लागला, आणि आत एसीत सगळ्या देवळात आल्यासारख्या कुजबुजू लागल्या.

मी गुलाब उमटवले. टाळ्या पडल्या. मग प्रिंट काढली. किरकिरत्या प्रिंटरमधून आडव्या रेघांचा काळा कोबी बाहेर आला.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. इतक्या दयाळूपणे म्हणाल्या की मला स्कूटरसकट खाडीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. "जाल्याची गाठ हाय का यात?"

ही कुसुमताई, कल्याणच्या खाडीकाठची कोळीण. लेक लग्न होऊन खाडीपासून लांब, नाशकाला चालली होती, तिच्यासाठी वही करत होती. "तिकरं खारी नाय. घर आठवाला कायतरी नको?"

गाठ नव्हती. माझी सगळी फुलं-अस्वलं परदेशी भेटकार्डांवरून उचललेली होती.

"तुम्हीच काढा," मी म्हटलं.

तिने माऊस पहिल्यांदा टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत धरला. वहिनीने हात धरून टेबलावर ठेवला. अर्ध्या तासात, बऱ्याच शिव्यांनंतर, एक गाठ जमली. मी तिचा ब्रश केला, ओळीने दाबत गेले. पडद्यावर जाळं पसरलं. प्रिंट काढली, तर प्रिंटरच्या रेघा त्यात बेमालूम मिसळल्या.

कुसुमताईने कागद वहीत ठेवला. मग म्हणाली, "चला, जेवाला."

कल्याणला तिच्या घरी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. हे कुठल्या हॉटेलात मिळत नाही, शोधू नका. हात धुताना मी विचारलं, "तुमची गाठ विकली तर चालेल?"

"विक की. गाठ काय माझे एकटीची हाय?"

घरी आले तेव्हा एकही फ्लॉपी खपलेली नव्हती. नोकरी आणखी तीन वर्षं केली. पण त्यानंतर कुणाच्या कार्डांवरून काही उचललं नाही; जिथे गेले तिथे बायकांच्या हातात माऊस दिला. आता इंटरनेटवर माझं छोटं दुकान आहे. त्यात सगळ्यात जास्त खपतो तो त्या गाठीचा 'कुसुम' ब्रश. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठलं फूल?

मी लिहून पाठवते: फूल नाही, बाई आहे. कल्याणची.