डिकॉक्शन उतरेपर्यंत

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. सासरी, माहेरी, कोणालाही विचारा. आणि मला अभिमानही फार आहे. तो कशाचा, तेच सांगायला बसले आहे.

लग्न होऊन नगरहून तंजावूरला आले तेव्हा मला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. नवरा भातगिरण्यांची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक. आज ओरत्तनाडु, उद्या तिरुवैयारु, घरी यायला रात्रच. पहिल्या रविवारी आम्ही चर्चला गेलो. बायकांच्या केसांत मोगरा, गाणी तर काय सुरेख! पण मला एक शब्द कळेना. सगळे उठले की उठायचं, सगळे बसले की बसायचं. घरी येऊन मी ढसाढसा रडले.

"अगं, देवाला मराठी येतं," नवरा म्हणाला.

"पण मला तमिळ येत नाही, त्याचं काय?"

माहेरी आमच्याकडे रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना असायची. बायबलमधलं वचन वाचायचं, गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, मगच ताटं. इथे तेच करायला गेले, तर नवरा ग्रीसने काळे झालेले हात घेऊन यायचा आणि वाचता वाचता पेंगायचा. मी चिडायचे, तो दचकून "आमेन" म्हणायचा. प्रार्थना सुरूसुद्धा झालेली नसायची.

आमच्या घरमालकीण तिथल्याच मराठी. घरात देवपूजा, सोवळंओवळं, सगळं कडक. पिढ्यान्पिढ्या तंजावुरात गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची, बोलण्याची चाल मात्र तमिळची. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून कचेरीतलाच. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांचं आणि माझं स्वयंपाकघर यांत एकच भिंत.

मी चहा पिणारी. कॉफी अक्कांनी शिकवली. एकावर एक दोन भांड्यांचं पितळी फिल्टर त्यांनीच दिलं. वरच्या भांड्यात कॉफीची पूड, त्यावर उकळतं पाणी, की खालच्या भांड्यात थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"उतरेपर्यंत."

मला कुठला धीर! तीनदा झाकण उघडलं, चमच्याने ठोकलं. अक्कांनी चमचा हिसकावून घेतला. "हालवू नको गे! ते आपणहून उतरतं. तुझ्या देवाचं काही म्हण तोवर. हात तरी गप राहतील."

मी जागच्या जागी थांबले. अरेच्चा, हे मला का नाही सुचलं?

दुसऱ्या दिवसापासून आमची उपासना सकाळची झाली. फिल्टरमध्ये पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि तिथेच स्वयंपाकघरात चटई टाकून बसायचं. आधी मी गीत म्हणायचे. आवाज माझा खणखणीत आहे, उगाच लाजायचं कशाला! मग नवरा वचन वाचायचा, मग आळीपाळीने प्रार्थना. आमेन होईस्तोवर खालचं भांडं भरलेलं असायचं. आमेनच्या आधी कोणाला कॉफी नाही. एकदा घाईच्या कामासाठी नवऱ्याचे साहेब भल्या सकाळी दारात आले. त्यांनाही मी चटईवर बसवलं. पँट सावरत बसले बिचारे, आणि नंतर कॉफी दोनदा मागून घेतली.

देवाला काहीतरी मोठंच सांगायचं असतं, असं मला आधी वाटायचं. त्या चटईवर आम्ही अक्कांचा गुडघा सांगितला, गिरणीत अडकलेलं बेअरिंग सांगितलं, गॅसचं सिलिंडर आलं नाही तेही सांगितलं. नवरा म्हणायचा, बेअरिंगची प्रार्थना केली की त्या दिवशी हातोडा जपून पडतो. दिवसभर कुठेही असलो तरी सकाळची चटई आमच्याबरोबर असायची. रविवारी चर्चमध्ये कळलं नाही तरी मग मला चालायला लागलं. तमिळ हळूहळू आलंच.

मुलगी झाली, तीही चटईवर बसायला लागली. रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायची नाही. तिची पाळी आली की डोळे मिटून नुसतं "आमेन" म्हणायची. पाचवीत गेली तरी तेच. एकदा माझा तोल गेला. "तोंडात गुळणी धरलीयेस का? दोन वाक्यं येत नाहीत देवाशी बोलायला?" पोरगी इतकी रडली की नवरा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून मी गप्प बसले, पण धास्ती काही गेली नाही. आम्ही दोघं म्हणतोय तोवर ठीक. आमच्यामागे या घरातली प्रार्थना बंदच पडणार, हे मला दिसत होतं आणि आतून पोखरत होतं.

त्याच सुमाराला दिवस पालटले. परदेशी यंत्रं यायला लागली, नवरा सहालाच बाहेर पडायला लागला. मुलीची शिकवणी साडेसहाला. शेजारच्या रंगीत टीव्हीवर झटपट कॉफीची जाहिरात लागायची. खोटं कशाला बोलू, ती बाटली मीच आणली. गरम दुधात चमचाभर पूड घातली की झालं. मी हरखून गेले! पितळी फिल्टर घासूनपुसून माळ्यावर ठेवलं. उपासना रात्री करू म्हटलं. रात्री नवरा पेंगायचा. मग म्हटलं, रविवारी करू. बंद करायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. फक्त डिकॉक्शन बंद झालं.

तीन आठवड्यांनी अक्का दारात उभ्या. हातात करपलेलं दुधाचं पातेलं.

"काय गे, देवाशी भांडलीस की काय?"

"नाही हो अक्का. का?"

"तू गायला लागलीस की मी दूध ठेवते, गाणं संपलं की उतरवते. दहा-बारा वर्षं असंच चाललंय. आता रोज उतू जातं."

"तुमच्याकडे घड्याळ आहे की!"

"घड्याळ भिंतीवर आहे. कान तुझ्याकडे असतो."

पातेलं माझ्यासमोर ठेवून त्या निघून गेल्या. मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या बाईचा देव वेगळा, तिची सकाळ आमच्या उपासनेवर चालली होती, आणि मी पंधरा मिनिटं वाचवायला ती माळ्यावर टाकली! लाज वाटली. आणि जित्याची खोड, त्या लाजेतही अभिमानाने छाती भरून आली. मुलगी कोपऱ्यात वेणी घालत सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टूल घेऊन माळ्यावर चढले, तर फिल्टर गायब. "भंगारात घातलंत ना?" मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "मी कशाला घालू?" आतून नवरा. तणतणत कोपऱ्यावर दूध आणायला गेले. परत आले, तर नवरा टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.

आत चटई टाकलेली होती. ओट्यावर फिल्टर, झाकण लावलेलं. समोर माझी मुलगी, एक वेणी घातलेली, एक सुटी. डोळे घट्ट मिटून बोलत होती, मराठीत, अगदी अक्कांच्या चालीवर.

"देवा, आई दुधाला गेलीय. अप्पा न्हायला गेलेत. दोघं येतील. डिकॉक्शन उतरेपर्यंत तू जाऊ नको."

रात्रीच गुपचूप माळ्यावर चढलीस, पडली असतीस तर, असं ओरडायचं होतं मला. पण दूध तिथेच खाली ठेवलं. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. गीत सुरू करायला मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज उमटलाच नाही.

भिंतीपलीकडून अक्का ओरडल्या, "काय गे, दूध ठेवू की नको?"

"ठेवा, आजी!" मुलगी ओरडली आणि तिने गीत सुरू केलं. सगळी कडवी पाठ होती तिला. शेवटचं संपलं, तेव्हा पलीकडे पातेलं खाली उतरवल्याचा आवाज आला.