काकाजींचा विरोध

मारुतीच्या देवळातल्या बैठकीत "कोणाचा विरोध आहे का?" असं विचारलं, की सारं गाव खाली सतरंजीकडे बघायचं आणि माझे काकाजी हात वर करायचे. विरोध नेमका कशाला, हे पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसायचं. वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावायची.

मोहाडीच्या बाजारात इतर गावचे लोक आपल्या बिनविरोध निवडणुकीची फुशारकी मारत. आम्ही गप्प, कारण काकाजी दर वेळी सरपंचपदाचा अर्ज भरायचे आणि सपाटून हरायचे. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. धानाच्या रोवण्याचा मुहूर्त त्यांनी ठरवावा, सोयरिकी त्यांनी जुळवाव्या, तसाच सरपंचही. एकदा मीच चिडून विचारलं, कायले गावाची शोभा करता? सुपारी कातरता कातरता काकाजी म्हणाले, "देवळात अर्धं गाव येत नाही, बाबू. बुद्धविहाराकडच्या लोकायले कोणी बलावते का? मी उभा राह्यलो का मतदान होते, शाळेत. तेथं सारे येतेत."

माणूस हट्टी, पण मनात अढी म्हणून नाही. हरले की जिंकणाऱ्याच्या घरी पहिला चहा प्यायला हेच हजर. "गाव एक हाय म्हणता, मंग मतं मोजाले काहून भेता?" एवढं ऐकवून कप खाली ठेवायचे.

यंदा उन्हाळ्यात काकाजी गेले. दिवाळीनंतरच्या बैठकीत मंडळींनी सरपंच म्हणून माझंच नाव घेतलं. विरोध आहे का, असं नेहमीसारखं विचारून झालं. कोणी हललं नाही. मतदान होऊ द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. पण समोर वडील, मामा, सारी पांढऱ्या केसांची माणसं. आणि खरं सांगू? आयती खुर्ची कोणाला नको असते! मीही खाली सतरंजीकडे बघितलं. अर्ज एकच भरला गेला, माझा.

गळ्यात हार घेऊन काकींच्या पाया पडायला गेलो. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, चिमूटभर साखर दिली.

"ते असते तं तुह्या विरोधात उभे राह्यले असते," त्या म्हणाल्या. "अन् मत तुलेच देल्लं असतं."

विहारासमोरून जाताना लोक आता मला सरपंच म्हणून जयभीम घालतात. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी जयभीम म्हणतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.